नडीचा पैसा: जर्मन गावांनी स्वतः छापलेल्या नोटा

जर्मन भाषेत ‘नोटगेल्ड’ असा एक शब्द आहे. मराठी कानाला त्यातली ‘नोट’ लगेच ओळखीची वाटते, पण ती आपली नोट नव्हे. जर्मनमध्ये ‘नोट’ म्हणजे नड, निकड, अडचण. आणि ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. नडीचा पैसा. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जर्मनीतल्या शहरांनी, छोट्या गावांनी, कारखान्यांनी आणि खाणींनी असा पैसा स्वतःच्या नावाने छापला आणि लोकांनी तो घेतला.

नोटगेल्ड म्हटलं की बहुतेकांना १९२३ सालचं जर्मनी आठवतं. ढकलगाडीत भरलेल्या नोटा, नोटांच्या गठ्ठ्यांशी खेळणारी मुलं. ती दृश्यं खरी आहेत. पण गोष्ट तिथे संपते, सुरू होत नाही. सुरुवातीला पैसा फार झाला म्हणून नव्हे, तर बाजारातून पैसा नाहीसा झाला म्हणून या नोटा आल्या. हे नीट लक्षात आलं नाही तर पुढचं सगळं चुकीचं समजतं, म्हणून आधी नाणी कुठे गेली ते पाहू.

मोड नाही

१९१४ च्या जुलैपर्यंत जर्मनीत सोन्याची, चांदीची, निकेलची आणि तांब्याची नाणी रोजच्या वापरात होती. मध्यवर्ती बँक म्हणजे राइशबँक. तिची कागदी नोट बँकेत नेली की बदल्यात सोनं मिळायचं. महिनाअखेरीस युद्धाची चाहूल लागली आणि लोक बँकांच्या दारात उभे राहिले. ४ ऑगस्ट १९१४ रोजी झालेल्या कायद्यांनी नोटेच्या बदल्यात सोनं देण्याचं बंधन काढून टाकलं.

आता त्या काळच्या एका साध्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. खिशात एक मार्काचं चांदीचं नाणं आहे आणि कागदी पैसाही आहे. उद्या काय होईल ठाऊक नाही. दुकानात यातलं काय द्याल? कागदच द्याल आणि चांदी घरी डब्यात ठेवाल. प्रत्येकाने हाच शहाणपणा केला आणि काही दिवसांत बाजारातली चांदी आटली. कमी भरवशाचा पैसा हातोहात फिरतो आणि भरवशाचा पैसा घरात दडतो, हा पैशाचा फार जुना स्वभाव आहे. एकेकट्या घराचं त्यात भलं होतं, गावाचा व्यवहार मात्र अडतो.

कारण तेव्हाच्या कागदी नोटा मोठ्या रकमेच्या होत्या. राइशबँकेची सर्वांत छोटी नोट २० मार्कांची. सरकारी खजिन्याची ५ मार्कांची नोट असे, पण ५ मार्क हीसुद्धा बहुतेक कामगारांच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा मोठी रक्कम. शनिवारी पगार वाटायचा असलेल्या कारखान्याकडे पैसे होते, पण ते मोडता येत नव्हते. पाववाल्याकडे पाव होता, गिऱ्हाइकाकडे नोट होती, पण परत द्यायला मोड नव्हती. संपत्ती जागच्या जागी असताना केवळ चिल्लर नाही म्हणून व्यवहार थांबतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच नीट सांगितलेली दिसते. बाजारात उभं राहिलं की ती लगेच कळते.

मग ऑगस्ट १९१४ मध्येच काही नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी छोट्या रकमेच्या चिठ्ठ्या छापल्या. सीमेजवळच्या पूर्व प्रशिया आणि अल्सासमध्ये, तसंच रूरच्या औद्योगिक पट्ट्यात ही निकड सर्वांत आधी भासली. या पहिल्या नोटा दिसायला अगदी साध्या होत्या. जाड कागद, थोडा मजकूर, शिक्का आणि सही एवढंच. सरकारने लगोलग १ आणि २ मार्कांच्या नोटा काढल्या आणि ही पहिली लाट ओसरली.

दुसरी लाट आली ती धातूमुळे. युद्ध लांबलं, तोफगोळ्यांना आणि काडतुसांना तांबं हवं होतं, पोलादाला निकेल हवं होतं आणि ब्रिटिश नाकेबंदीमुळे बाहेरून काही येत नव्हतं. मग तांब्या-निकेलची नाणी परत घेऊन वितळवायला सुरुवात झाली. त्यांच्या जागी लोखंडाचे फेनिग आले, मग ॲल्युमिनियमचे, मग जस्ताचे. (१०० फेनिग म्हणजे १ मार्क.) १९१७ मध्ये तर चर्चच्या घंटा उतरवून त्यांचा धातू वापरला गेला. टांकसाळीला ही मागणी झेपेना, म्हणून १९१६ पासून शेकडो नगरपालिकांनी ५, १०, २५, ५० फेनिगच्या कागदी नोटा काढल्या.

याच युद्धाची झळ आपल्याकडेही पोचली होती. चांदी महागली म्हणून १९१७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात पहिल्यांदा १ रुपयाची कागदी नोट काढली. पुढच्या महायुद्धात, १९४३ मध्ये, तांबं वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा आला. तो भोकाचा पैसा अजून कितीतरी घरांत आजीच्या डब्यात सापडतो. फरक एवढाच की आपल्याकडे हा उपाय वरून, सरकारकडून आला आणि जर्मनीत तो गावागावांनी आपापला शोधला.

गाव नोट छापतं म्हणजे नेमकं काय करतं?

कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार राइशबँकेला आणि बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग आणि बाडेन इथल्या चार बँकांनाच होता. नगरपालिकेला तो नव्हता. म्हणून या कागदांवर बहुधा ‘गुटशाइन’ असं छापलेलं असे, म्हणजे येणं असल्याची चिठ्ठी किंवा कूपन. सरकारने आधी काणाडोळा केला, मग काही अटी घालून परवानगी दिली.

व्यवहार कसा चाले ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, दहा हजार वस्तीचं एक गाव आहे. नगरपालिका ठराव करते की २०,००० मार्कांच्या छोट्या नोटा काढायच्या. तेवढीच रक्कम ती बँकेत किंवा सरकारी रोख्यांत बाजूला ठेवते. हे झालं तारण. मग गावातल्याच छापखान्यात १० आणि ५० फेनिगच्या नोटा छापल्या जातात. नगरपालिका त्यांतून आपल्या कामगारांचा पगार करते. कामगार त्या पाववाल्याला देतो, पाववाला पिठाच्या गिरणीला देतो. ज्याच्याकडे अशा नोटांचा ढीग साठेल तो नगरपालिकेच्या खजिन्यात जाऊन त्या बदलून मोठी, सरकारी नोट घेतो. नोटेवर मुदत छापलेली असते. त्या तारखेनंतर ती घ्यायला नगरपालिका बांधील नसते.

थोडक्यात, गाव नवी संपत्ती निर्माण करत नव्हतं. स्वतःकडच्या मोठ्या नोटेची ते मोड करून देत होतं आणि ती मोड धातूऐवजी कागदावर होती.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अंतराची. मराठीत ‘पत’ हा शब्द आहे, आणि तो इथे अगदी चपखल बसतो. नोटेवर नगराध्यक्षांची सही असे. ते नगराध्यक्ष कोण, कुठे राहतात, नगरपालिकेची कचेरी कोणत्या चौकात आहे, हे नोट घेणाऱ्याला ठाऊक असे. शंका आली तर पायी चालत जाऊन पैसे मागता येत. वचन देणारा आणि वचन घेणारा यांच्यात अर्ध्या तासाची चाल होती. म्हणून साध्या कागदावर, एका रंगात छापलेली ती चिठ्ठीसुद्धा चालली.

तिची मर्यादाही तीच होती. गावाची वेस ओलांडली की पत संपली. शेजारच्या गावातला दुकानदार ती नोट घेईल याची खात्री नसे. रेल्वे स्थानकं, बाजारपेठांची गावं आणि मोठे व्यापारी यांच्याकडे वीस-तीस गावांच्या मळक्या चिठ्ठ्या जमत. कुणाची मुदत कधी संपते याचा हिशेब ठेवणं हेच एक काम होऊन बसे. खोट्या नोटांचीही भीती होती, कारण गावच्या छापखान्यात जे छापता येतं ते दुसऱ्यालाही छापता येतं. त्यामुळे पुढे पुढे जलचिन्ह असलेला कागद, क्रमांक, उठावाचे शिक्के हे सगळं येत गेलं.

१९१८ च्या शरदात युद्ध हरत आल्याचं दिसू लागलं, तेव्हा लोक कागदी नोटाही घरात दडवू लागले. या वेळी तुटवडा मोठ्या रकमांचा होता आणि खुद्द राइशबँकेने शहरांना ५ ते ५० मार्कांच्या नोटा काढायला सांगितलं. चार वर्षांपूर्वी जे कायद्याच्या काठावरचं होतं तेच आता मध्यवर्ती बँकेच्या विनंतीने होऊ लागलं.

आफ्रिकेतला जर्मन रुपया

इथे थोडं आडवळण घेतो, कारण हा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर तेव्हा जर्मनीची वसाहत होती, जर्मन पूर्व आफ्रिका. तिथलं चलन मार्क नव्हतं, रुपया होतं. हिंदी महासागराच्या त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा आणि हिंदुस्थानी रुपयाचा जम आधीच बसला होता, म्हणून जर्मनांनीही आपलं नाणं ‘रूपी’ याच नावाने पाडलं.

युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश आरमाराने किनारा बंद केला. बर्लिनहून नोटा येईनात, नाणी येईनात. सैनिकांना आणि हमालांना मात्र पैसे द्यावेच लागत होते. १९१५ पासून तिथे मिळेल त्या कागदावर हंगामी रुपयाच्या नोटा छापल्या गेल्या. शेवटी शेवटी, १९१७ मध्ये, रबरी शिक्क्यांनी उमटवलेल्या नोटाही निघाल्या. त्यांना ‘बुशनोटन’ म्हणजे रानातल्या नोटा म्हणतात. टाबोरा गावच्या रेल्वे कार्यशाळेत तर १९१६ मध्ये स्थानिक खाणीच्या सोन्यातून १५ रुपयांचं नाणं पाडलं. त्यावर सोंड उंचावलेला हत्ती आहे. आगगाड्या दुरुस्त करायच्या जागेत पाडलेलं असूनही ते इतकं देखणं आहे की आजही नाणीसंग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात.

वहीत चिकटवायचा पैसा

युद्ध संपलं. १९१९ मध्ये ५० फेनिगचं ॲल्युमिनियमचं नाणं आलं आणि चिल्लरची टंचाई हळूहळू कमी झाली. आता या नोटा बंद व्हायला हव्या होत्या. झालं उलट.

लोकांना त्या गोळा करायचा छंद लागला होता. पोस्टाच्या तिकिटांसारखे नोटगेल्डचे अल्बम, विक्रेते आणि नियतकालिकं निघाली. नगरपालिकांच्या लक्षात आलं की जी नोट अल्बममध्ये जाते ती बदलून घ्यायला कुणी येत नाही. याचा अर्थ साध्या हिशेबात असा: ५० फेनिगची नोट छापायला समजा ५ फेनिग खर्च आला, संग्राहकाने ती ५० फेनिग देऊन नेली आणि कायमची वहीत चिकटवली, तर उरलेले ४५ फेनिग गावाचे. युद्धाने खंक झालेल्या नगरपालिकांना हा आधार फार मोठा वाटला. मग एकेक नोट न काढता सहा-सहा, आठ-आठ, बारा-बारा नोटांचे चित्रमय संच निघाले. काही संचांवरची मुदत तर विक्रीच्या वेळीच संपलेली असे. त्या नोटा पैसा म्हणून फिरण्यासाठी नव्हत्याच.

पण चित्रं मात्र मनापासून काढलेली होती. प्रत्येक गावाने आपलं सांगण्यासारखं जे होतं ते या तळहाताएवढ्या कागदावर मांडलं. हामेल्न गावाने अर्थातच आपला पुंगीवाला काढला, ज्याच्यामागे आधी उंदीर गेले आणि मग गावची मुलं. नाउमबुर्गने आपल्या चेरी उत्सवाची दंतकथा सांगितली: शत्रूने वेढा घातला होता, गावातली लहान मुलं दया मागायला त्याच्या छावणीत गेली आणि सेनापतीने त्यांना चेरी देऊन परत पाठवलं. आयझेनाखला ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा वारसा होता. कुठे स्थानिक बोलीतल्या म्हणी छापल्या, कुठे खाणकामगार, कुठे कोळी, कुठे मीठ काढणारे.

कागदावरही भागेना. बीलेफेल्ड हे लिननच्या कापडाचं शहर. तिथल्या बचत बँकेने लिनन, रेशीम आणि मखमलीवर नोटा छापल्या, काहींना लेसची किनारही लावली. हार्त्स डोंगराजवळच्या ऑस्टरवीक गावात चामड्याचा धंदा होता, त्यांनी चामड्यावर छापल्या. माइसेनच्या प्रसिद्ध चिनीमाती कारखान्याने तपकिरी मातीची भाजलेली नाणी बनवली. गावाला जे करता येतं त्याचाच पैसा. मला हे फार हृद्य वाटतं, कारण हरलेल्या, उपाशी देशातली माणसं आपल्या हातचं सर्वोत्तम काम एका क्षुल्लक रकमेच्या चिठ्ठीवर ओतत होती.

याच नोटांवर तेव्हाचा रागही उमटला आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. व्हर्सायच्या तहाने गेलेला मुलूख, डेन्मार्कच्या सीमेवरच्या श्लेस्विगमध्ये १९२० साली झालेलं सार्वमत, नफेखोर, महागाई हे विषय वारंवार येतात. काही नोटांवर उघड ज्यूद्वेषी चित्रं आहेत. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जे झालं त्याचं बी गावच्या नगरपालिकेने स्वतःच्या शिक्क्यानिशी छापलेलं पाहताना अंगावर काटा येतो.

शेवटी १७ जुलै १९२२ रोजी कायदा करून सरकारने हे नोटा काढणं थांबवलं.

पूर

कायद्याची शाई वाळते न वाळते तोच चलन ढासळू लागलं आणि पुन्हा परवानगी द्यावी लागली. याची मुळं युद्धातच होती. जर्मनीने युद्धाचा खर्च मुख्यतः कर वाढवून नव्हे तर कर्ज काढून आणि नोटा छापून भागवला होता. जिंकलो की हरलेल्याकडून वसूल करू, असा तो हिशेब. हरल्यावर कर्जही राहिलं आणि वर युद्धभरपाईही आली. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजांनी रूरचा कोळशाचा पट्टा ताब्यात घेतला. तिथल्या कामगारांनी असहकार पुकारला आणि काम न करणाऱ्या लाखो लोकांचा पगार सरकारने नोटा छापून भागवला.

युद्धाआधी एका डॉलरला ४.२० मार्क पडत. जानेवारी १९२३ मध्ये सुमारे १८ हजार. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी. बर्लिनमध्ये एका पावाची किंमत २० हजार कोटी मार्कांच्या घरात गेली.

आणि तरीही नोटा कमीच पडत होत्या! हे वाचायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. भाव छापखान्यापेक्षा वेगाने पळत होते. कालची छापलेली नोट आज पगाराला पुरत नव्हती. राइशबँकेने १३३ खासगी छापखाने आणि त्यांची १,७८३ यंत्रं कामाला लावली, तरी पुरवठा होईना. म्हणून शहरं, जिल्हे, कारखाने आणि रेल्वेसुद्धा पुन्हा स्वतःच्या नोटा छापू लागली, आता लाखांच्या आणि कोटींच्या. वेळ नसला की जुन्याच नोटेवर लाल शाईने नवी रक्कम उमटवायची. बहुतेक नोटा एकाच बाजूने छापलेल्या असत. सुंदर म्हणाव्यात अशा थोड्याच. थुरिंगियाच्या सरकारी बँकेसाठी बाउहाउस कलाशाळेतल्या तरुण हर्बर्ट बायरने केलेल्या दशलक्षांच्या नोटा त्यांत येतात. चित्र नाही, सजावट नाही, फक्त ठसठशीत अक्षरं आणि आकडे.

१९१७ ची गावची नोट आणि १९२३ ची गावची नोट, नाव दोन्हींचं नोटगेल्डच. पण पहिलीच्या मागे बाजूला ठेवलेली ठरावीक रक्कम होती आणि त्या रकमेला किंमत होती. दुसरीच्या मागे तारण असलं तरी ते मार्कांतच होतं, म्हणजे उन्हात ठेवलेला बर्फ. अनेक ठिकाणी तारण नव्हतंच. नगराध्यक्षांची सही तीच होती, कचेरीही त्याच चौकात होती. तिथे जाऊन नोट बदलून घेता येत होती, पण बदल्यात जे मिळायचं तेच निरुपयोगी झालं होतं.

लोकांनी यावरही उपाय शोधला. मार्क सोडून दुसऱ्या कशात तरी वचन द्यायचं. ओल्डेनबुर्गच्या सरकारी पतसंस्थेने १९२२ च्या अखेरीस १२५ किलो राय या धान्याच्या किमतीशी बांधलेले रोखे विकले. (ही राय म्हणजे आपली राई-मोहरी नव्हे, तिकडे तिचा पाव करतात.) पुढच्या वर्षी कुठे सोन्याशी, कुठे डॉलरशी मूल्य जोडलेल्या ‘स्थिर किमतीच्या’ नोटा निघाल्या. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क आला तो याच विचारातून. त्याच्यामागे शेतजमीन आणि उद्योगांवरचं तारण होतं, तो मोजक्याच प्रमाणात छापला गेला आणि एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क असा दर ठरला. त्यानंतर गावांच्या नोटा परत घेऊन नष्ट केल्या गेल्या.

तरी खूप उरल्या आणि आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात त्या अगदी स्वस्तात मिळतात. कधी हाती आली तर चित्राआधी साल आणि कडा पाहा. १९२१ ची रंगीत, करकरीत, कोरी असेल तर ती बहुधा छापखान्यातून सरळ वहीत गेलेली. १९१७ ची एखादी फिकट, चार घड्या पडलेली, कोपरे झिजलेली, तेलाचा डाग असलेली मिळाली तर ती जपून ठेवा. तिने कुणाच्या तरी घरी पाव नेला आहे.